विल्हेल्मिने श्रोडर-देव्रिएंट : जर्मन ऑपेरातील एक गायिका

ज्या बाईविषयी आम्ही येथे बोलणार आहोत, तिचा आवाज आज जगात कोणालाही ऐकता येण्यासारखा नाही. ती १८६० साली वारली आणि एडिसनचे बोलके यंत्र त्यानंतर सतरा वर्षांनी, १८७७ साली निघाले. तबकडी नाही, फीत नाही, काही नाही. शिल्लक आहेत त्या फक्त साक्षी. कोणी आठवणींत लिहून ठेविले, कोणी वर्तमानपत्रात छापले, कोणी मित्राला सांगितले.

कामगार चळवळीत ज्याची हयात गेली, त्याला साक्षी तपासण्याची सवय लागलेली असते. खात्याच्या चौकशीत साक्षीदार पुढे आला की आम्ही पहिल्याने विचारतो, हा गृहस्थ त्या वेळी तेथे हजर होता काय? आणि मग विचारतो, असे बोलण्यात याचा काही स्वार्थ आहे काय? संगीतशास्त्राचे आमचे ज्ञान बेताचेच. जे आहे ते संघाच्या कचेरीत रात्री उशिरापर्यंत बसून, मिळेल ते पुस्तक वाचून आणि मिळेल ती रेकॉर्ड ऐकून जमविलेले. पण साक्षी तपासण्याचे काम आम्हाला येते. या बाईंच्या साक्षीदारांत बेटोव्हेन आहे, गटे आहे, वाग्नर आहे, बर्लिओझ आहे. इतके मोठे साक्षीदार सहसा कोणाच्या वाट्याला येत नाहीत. आणि मोठे साक्षीदार म्हटले म्हणजे त्यांची उलटतपासणीही तशीच करावी लागते.

ऑपेरा म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. आमच्याकडे 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी माणसाला संगीत नाटक म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. पात्रे बोलतात, बोलता बोलता पद सुरू होते, पद संपले की पुन्हा संवाद. इटालियन पद्धतीच्या ऑपेरात बोलणे नसतेच. संवादसुद्धा सुरातच म्हणतात. परंतु जर्मन लोकांची जुनी चाल आपल्यासारखीच होती. मोझार्टची 'जादूची बासरी', वेबरचा 'फ्रायश्युत्झ', बेटोव्हेनचा 'फिडेलिओ' या तिन्हींत पदांच्या मध्ये साधे गद्य संवाद आहेत. स्त्रियांच्या आवाजांत जो सर्वांत उंच, त्याला सोप्रानो म्हणतात. नायिकेची भूमिका बहुधा सोप्रानोकडे येते. आणि हे सगळे ध्वनिक्षेपकाशिवाय! समोर पन्नाससाठ वाद्ये वाजत आहेत, मागे समूहगायक उभे आहेत, आणि एकट्या बाईचा गळा त्या सगळ्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. अंगमेहनतीचे काम आहे हे. गळा बसला की पोट बसले.

त्या काळी युरोपभर इटालियन गायकीचा दरारा होता. लोक ताना, हरकती आणि गळ्याची कसरत ऐकायला येत. नायिका मरते आहे की लग्न करते आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष नसे. आपल्याकडेही एकाच पदाला चारचार वन्स मोअर घेताना नाटक तासभर खोळंबून राही, तसलाच प्रकार. ही रीत ज्यांनी मोडली त्यांत आमच्या बाईंचे नाव वरचे आहे.

विल्हेल्मिनेचा जन्म हॅम्बुर्ग येथे ६ डिसेंबर १८०४ रोजी झाला. घरच नाटकवाल्यांचे. बाप फ्रीडरिख श्रोडर हा गायक. मोझार्टचा डॉन जोव्हानी जर्मन भाषेत गाऊन त्याने नाव मिळविले होते. आई सोफी श्रोडर ही जर्मन रंगभूमीवरील शोकान्त भूमिकांची राणी. या आईची एक गोष्ट येथे सांगून ठेवतो, कारण पुढे ती उपयोगी पडेल. १८१३ साली नेपोलियनच्या फौजा हॅम्बुर्गमधून काही काळ हटल्या आणि रशियन आले, तेव्हा सोफीबाई रशियन रंगांचा बिल्ला छातीवर लावून रंगमंचावर आल्या. फ्रेंच परतल्यावर त्यांना गाव सोडून पळावे लागले. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. रंगमंचावर उभे राहून राजकारणात पडले की काय होते, हे तिने आईच्या पदराला धरून पाहिले होते.

मग व्हिएन्ना. लहानपणी ती मुलांच्या नृत्यमेळ्यात नाचली. पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर बादशाही नाटकगृहात गद्य नाटकांत कामे करू लागली. रासीनच्या 'फेद्र' नाटकाच्या शिलरने केलेल्या भाषांतरात तिने आरिसियाची भूमिका केली. गाणे त्याच्या मागून आले. मोत्साती नावाच्या शिक्षकाकडे थोडी तालीम झाली आणि २० जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती 'जादूची बासरी'त पामिना म्हणून उभी राहिली. म्हणजे आधी नाच, मग अभिनय आणि शेवटी गळा. इतर गायिकांचा क्रम याच्या बरोबर उलट असे. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण बाईंचे सगळे गुण आणि सगळे दोष त्यातून निघाले. गळ्याला जी वर्षानुवर्षांची कवाईत लागते ती तिला पुरी मिळाली नाही. पुढे ड्रेस्डेनच्या समूहगायकांचे प्रमुख मिक्श यांनी ती उणीव काही अंशी भरून काढली. पण पायापासून बोटांपर्यंत सारे शरीर बोलके कसे करावे, हे ती नकळत्या वयात शिकली होती.

१८२२ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात 'फिडेलिओ' पुन्हा रंगभूमीवर आणावयाचे ठरले. हा बेटोव्हेनचा एकुलता एक ऑपेरा. १८०५ साली तो पहिल्यांदा झाला तेव्हा नेपोलियनची फौज नुकतीच शहरात शिरली होती. प्रेक्षकांत फ्रेंच अधिकारीच पुष्कळ, आणि खेळ पडला. बेटोव्हेनने तो दोनदा दुरुस्त केला, १८१४ साली त्याला आजचे रूप आले. कथा कोणाही कामगाराला ताबडतोब समजेल अशी आहे. फ्लोरेस्टान नावाच्या माणसाने सत्ताधाऱ्याचे पाप उघड केले, म्हणून पिझारो या तुरुंगाच्या अधिपतीने त्याला गुपचूप तळघरात साखळदंडाने बांधून टाकले आहे. ना खटला, ना शिक्षा, ना कागदोपत्री नोंद. त्याची बायको लिओनोरे पुरुषाचा वेष घेते, फिडेलिओ हे नाव धारण करते आणि तुरुंगाच्या रखवालदाराच्या हाताखाली नोकरीला राहते. कैद्यांना घटकाभर उजेडात आणतात तेव्हा ते हळू आवाजात एक समूहगीत गातात. मोकळ्या हवेचे इतके दबलेले गाणे आम्ही दुसरे ऐकलेले नाही. शेवटी पिझारो सुरा उपसून तळघरात उतरतो. लिओनोरे मध्ये पडते, आपण त्या कैद्याची बायको आहोत हे जाहीर करते आणि पिस्तूल रोखते. त्याच क्षणी वरून तुतारी वाजते. मंत्री आला आहे.

ही भूमिका सतरा वर्षांच्या पोरीकडे आली. बेटोव्हेन तोवर जवळजवळ ठार बहिरा झालेला. बाईंनी स्वतः नंतर सांगितलेली हकीकत अशी, की रंगीत तालमीला बेटोव्हेन वाद्यवृंद चालवावयास स्वतः उभा राहिला, पण वाजते काय आणि आपला हात चालला आहे कोठे, याचा मेळ त्याला लागेना. गायक एकीकडे, वाद्ये दुसरीकडे. शेवटी त्याला बाजूला व्हावे लागले. प्रयोगाला तो वाद्यवृंद चालविणाऱ्याच्या मागे, अंगाभोवती झगा गुंडाळून बसला आणि त्याचे डोळे सबंध वेळ तिच्यावर खिळलेले होते. ऐकू येत नसलेला माणूस पाहून पाहून न्याय करणार! तळघरातला प्रसंग आला. पिझारोच्या आडवे जाण्याच्या क्षणी तिचा धीर सुटला. उंच सूर आता लागत नाही, अशी तिची खात्री झाली आणि त्या भीतीतून गळ्यातून बाहेर पडली ती किंकाळी. सूर नव्हे, निखळ किंकाळी. प्रेक्षागृह हादरले. बेटोव्हेनने पुढे तिचे आभार मानले आणि तुझ्यासाठी एक नवा ऑपेरा लिहीन असे सांगितले. तो त्याने लिहिला नाही. १८२७ साली तो वारला.

येथे आमची उलटतपासणी. साक्षीदार खुद्द बाई आहेत, तेव्हा आपली बाजू सजवून सांगण्याचा मोह होता. पण ही गोष्ट त्यांच्या कौतुकाची आहे काय? नवशिकी मुलगी घाबरली आणि सूर चुकला, असेच ती सांगते. आपल्या विरुद्ध जाणारी साक्ष बहुधा खरी असते. दुसरे असे, की या क्षणाला एक दुजोरा आहे. याच प्रसंगात पिस्तूल रोखून धमकी देताना शेवटचा 'मेलास' या अर्थाचा शब्द बाई गात नसत, जवळजवळ बोलत असत, असे वाग्नरने फार वर्षांनी लिहून ठेविले आहे. म्हणजे पहिल्या रात्री जे अपघाताने झाले, ते बाईंनी टाकून दिले नाही. त्यातले सत्य ओळखून त्याची पुढे रीत केली. कसलेला कारागीर असेच करतो. हातून सुटलेला घाव चांगला बसला, तर तो पुन्हा तसाच कसा बसेल ते शोधून काढतो.

पुढच्या वर्षी, १८२३ साली, ड्रेस्डेनच्या राजदरबारी ऑपेरात त्या नोकरीस लागल्या. त्याच साली कार्ल देव्रिएंट या नटाशी विवाह झाला आणि नावाला जोडनाव लागले. चार मुले झाली, १८२८ साली घटस्फोट झाला. ड्रेस्डेनची नोकरी मात्र १८४७ पर्यंत, मधले दौरे वगळता, चालू राहिली. दरबारी नाटकगृह म्हणजे मालक राजा, व्यवस्थापक सरदार आणि पगारी चाकर कलावंत. रजा मागावी लागे, दौऱ्यावर जावयाचे तर परवानगी लागे. सोन्याच्या का होईना, पिंजऱ्याला गज असतातच.

दौऱ्यांपैकी एकच प्रसंग सांगतो. १८३० च्या वसंतात पॅरिसला जाताना त्या वायमार येथे ऐंशी वर्षांच्या गटेला भेटल्या. गटेची वेताळराजाची कविता, ज्यात बाप आजारी मुलाला घोड्यावर घेऊन रात्री दौडतो आहे आणि मुलाला मृत्यू बोलावतो आहे, तिला तरुण शूबर्टने चाल लावली होती. शूबर्टच्या मित्रांनी ती गटेकडे पूर्वीच पाठविली होती. म्हाताऱ्याने उत्तरसुद्धा दिले नव्हते. आता बाईंनी ती म्हणून दाखविली. बाप, मुलगा, वेताळ आणि निवेदक असे चार आवाज एका गळ्यातून. गटे म्हणाला म्हणतात, की हे गाणे मी पूर्वी ऐकले तेव्हा आवडले नव्हते, पण असे म्हटले की सगळे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. शूबर्ट त्यापूर्वीच, १८२८ साली, एकतीस वर्षांचा होऊन वारला होता. त्याला हे शब्द कळावयाचे नव्हते.

पॅरिस आणि लंडन येथे जर्मन मंडळीबरोबर बाईंनी 'फिडेलिओ' गाऊन दाखविले. लंडनचा हेन्री चोर्ली हा टीकाकार तिखट कानाचा. अभिनयाची शक्ती तो मान्य करतो, पण गळा नीट घडविलेला नाही, हेही तो बजावतो. बर्लिओझ तर याहून कडक. त्याने १८४३ साली ड्रेस्डेनला त्यांची कामे पाहिली आणि लिहिले, की बाई अतिरेक करतात, गाता गाता मध्येच शब्द बोलून टाकतात, आणि हे त्याला मुळीच खपत नाही. तरुण पुरुषाच्या वेषात त्यांचे शरीर आता शोभत नाही, अशीही मल्लिनाथी त्याने केली. आमच्या मते बर्लिओझची साक्ष फार मोलाची आहे. तो विरुद्ध बाजूचा साक्षीदार आहे आणि तरी तो नेमके तेच सांगतो, जे वाग्नर स्तुती म्हणून सांगतो: ही बाई गाता गाता बोलते. दोन पक्षांचे वस्तुस्थितीवर एकमत झाले. मतभेद राहिला तो बरे की वाईट एवढाच. साक्षीपुराव्यात याहून पक्के काय असते? दोष ठरविणाऱ्यांनाही उत्तर दिले पाहिजे. वीस वर्षे किंकाळ्या फोडून पोट भरणाऱ्या गळ्यावर त्याच्या खुणा राहणारच, आणि चाळिशीकडे झुकलेल्या बाईंना पोरसवदा पुरुषाचे काम देणारा व्यवस्थापक त्या टीकेतून सुखरूप सुटला, हे आम्हाला बरोबर वाटत नाही.

आता वाग्नर. हा साक्षीदार सर्वांत बोलका आणि म्हणूनच सर्वांत जपून घेण्यासारखा. त्याने आत्मचरित्रात लिहिले, की १८२९ साली लाइपझिग येथे सोळा वर्षांचा असताना आपण श्रोडर-देव्रिएंट बाईंना लिओनोरेच्या भूमिकेत पाहिले आणि त्या रात्री आपले आयुष्य ठरले. संशोधकांना या प्रयोगाविषयी दाट शंका आहे. त्याने त्यांना खात्रीने पाहिले ते १८३४ च्या मार्चमध्ये, आणि तेही बेटोव्हेनच्या नव्हे, बेल्लिनी या इटालियनाच्या ऑपेरात, रोमिओच्या भूमिकेत. होय, रोमिओचेच काम त्या करीत. आपल्याकडे पुरुष स्त्री होत, तिकडे उंच आवाजाच्या बायका पुरुष होत. वाग्नरला पुढे जर्मन कलेचा अध्वर्यू व्हावयाचे होते, तेव्हा दीक्षा इटालियनाच्या ऑपेरात मिळाली हे सांगणे त्याला अडचणीचे झाले असावे. बेटोव्हेनच्या नावाने दीक्षा शोभून दिसते. परंतु तारीख चुकीची असली तरी मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. ज्या वाग्नरने पुढे जग हलविले, त्याच्या कल्पनेतली गायिका कोण, याचे उत्तर एकच आहे.

त्याची पहिली तीन मोठी कामे ड्रेस्डेनला पहिल्यांदा रंगली आणि तिन्हींत बाई होत्या. २० ऑक्टोबर १८४२ रोजी 'रिएंझी'त आद्रियानो हा तरुण. त्या रात्री खेळ पाच तासांहून अधिक चालला, प्रेक्षक जागचे हलले नाहीत. २ जानेवारी १८४३ रोजी 'फिरता डच खलाशी'त झेंटा. शापित खलाशाच्या मुक्तीसाठी समुद्रात उडी घेणारी मुलगी. हे नाटक तेथे चारच प्रयोगांनंतर बंद पडले, पण जे काय तरले ते बाईंच्या जोरावर, असे खुद्द कर्ता म्हणतो. १९ ऑक्टोबर १८४५ रोजी 'टानहॉयझर'मध्ये व्हीनस. चाळिशी उलटल्यावर प्रेमदेवतेचे काम! व्हीनसला नेसवायचे तरी काय, असे त्यांनी वाग्नरला विचारले म्हणतात. नायिकेचे काम तेव्हा वाग्नरच्या पुतणीकडे, एकोणीस वर्षांच्या योहान्नाकडे गेले होते. बाईंना ते लागले. त्यांनी वाग्नरला अडचणीत असताना कर्जाऊ रक्कम दिली होती, ती या सुमारास वकिलामार्फत परत मागितली. वाग्नरचे भक्त याला मत्सर म्हणतात. मत्सर असेल. पण पंचवीस वर्षे राबलेल्या माणसाला बाजूला सारून त्याच्या घामाचा पैसाही वापरावयाचा, आणि त्याने हिशेब मागितला की त्याच्या स्वभावाची चर्चा करावयाची, ही चाल आम्ही दुसरीकडेही पाहिलेली आहे.

१८४७ साली बाईंनी ऑपेरा सोडला आणि त्याच साली फॉन ड्योरिंग नावाच्या गृहस्थाशी लग्न केले. हा मनुष्य निघाला असा, की बायकोची मिळकत आणि निवृत्तिवेतन यांवर त्याने हात मारला. जन्मभर गाऊन मिळविलेले काही महिन्यांत गेले, उरलेसुरले परत मिळविण्यासाठी कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. १८४८ साली हे लग्न मोडले. विवाहित स्त्रीची कमाई ही नवऱ्याच्या हाती जाण्याची वस्तू आहे, असे मानणाऱ्या कायद्याखाली सबंध युरोप तेव्हा नांदत होता. तळघरात उतरून नवऱ्याला सोडविणारी लिओनोरे पंचवीस वर्षे गाणाऱ्या बाईंना स्वतःच्या पैशाला नवऱ्याच्या हातून सोडविणे जड गेले.

ड्रेस्डेनमध्ये त्या वेळी काय शिजत होते ते थोडक्यात सांगतो. १८४८ साली युरोपभर उठाव झाले. जर्मन संस्थानांचे एक राष्ट्र करावे म्हणून फ्रांकफुर्ट येथे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी राज्यघटना केली. सॅक्सनीच्या राजाने ती मानावयाचे नाकारले. नाटकगृहाच्या आतही खळबळ होती. वाग्नर तेथे पगारी वाद्यवृंदप्रमुख. त्याने १८४६ साली वादकांचा पगार आणि कामाची व्यवस्था सुधारण्याविषयी सविस्तर अर्ज दिला होता, तो वर्षभर ठेवून फेटाळण्यात आला. १८४८ साली, नाटकगृह राष्ट्राचे व्हावे आणि त्याचा प्रमुख तेथल्या लोकांनी निवडावा, अशी योजना त्याने मांडली, तीही बारगळली. वाग्नरची पुढची मते आम्हाला पुष्कळ ठिकाणी घृणास्पद वाटतात, पण हे दोन कागद कोणत्याही कामगार संघाच्या दप्तरात शोभतील असे आहेत. त्याचा सहायक आउगुस्ट र्योकेल याने तर 'लोकपत्र' काढून उघडच प्रचार चालविला होता.

३ मे १८४९ रोजी ड्रेस्डेनच्या शस्त्रागारापाशी जमाव गोळा झाला आणि सैनिकांनी गोळ्या घातल्या. माणसे मेली. त्या दिवशी श्रोडर-देव्रिएंट बाई शहरात होत्या. रागाने पेटलेल्या अवस्थेत त्या आपल्याला भेटल्या, असे वाग्नर सांगतो. पुढे त्यांच्यावर आरोप आला तो असा, की गावातल्या एका घराच्या खिडकीतून त्यांनी खालच्या लोकांना उद्देशून आवाज दिला आणि सांडलेल्या रक्ताचा जाब घ्या म्हणून चिथावले.

रस्त्यावर गोळीबार झाला की पहिली काही मिनिटे जमावाला आवाज नसतो. माणसे धावतात, ओरडतात, पण कोणी कोणाचे ऐकत नाही. अशा वेळी वरून एक आवाज आला आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा निघाला, तर काय होईल? ड्रेस्डेनच्या लोकांनी हा आवाज वीस वर्षांहून अधिक काळ ऐकला होता. तळघरात पिझारोला आडवा जाणारा तो आवाज. पैसे देऊन ऐकला होता, टाळ्या दिल्या होत्या, रडले होते. राजानेही आपल्या सज्जातून तोच ऐकला होता. रंगमंचावर तुरुंगाधिपतीवर पिस्तूल रोखले तर दरबार पुष्पगुच्छ देतो. तोच गळा खिडकीतून खऱ्या मुडद्यांविषयी बोलला, तर आरोपपत्र.

राजा ४ तारखेला शहर सोडून किल्ल्यावर गेला. तात्पुरते सरकार स्थापन झाले, रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. त्यांच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्यांत गॉटफ्रीड झेंपर होता, ज्याने १८४१ साली दरबाराचे नवे नाटकगृह बांधले होते! जुने ऑपेरागृह या लढाईत जळाले. प्रशियाची पलटण सॅक्सन फौजेच्या मदतीला आली आणि ९ मेपर्यंत सारे चिरडले गेले. वाग्नर आणि झेंपर परदेशी निसटले. र्योकेल सापडला, त्याला देहान्ताची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली आणि तो १८६२ साली सुटला. हा आउगुस्ट र्योकेल कोणाचा मुलगा? १८०६ साली बेटोव्हेनच्या देखत तळघरातल्या फ्लोरेस्टानची भूमिका जो गायला, त्या योझेफ र्योकेलचा. बापाने तुरुंग गाऊन दाखविला, मुलाने तेरा वर्षे भोगला.

बाईंनी १८५० साली तिसरे लग्न केले, फॉन बॉक या बाल्टिक प्रदेशातील जमीनदाराशी, आणि त्या आजच्या लॅटव्हियातील त्रिकाटा येथील त्याच्या इस्टेटीवर राहावयास गेल्या. परंतु त्या ड्रेस्डेनला परतल्या तेव्हा खिडकीतल्या त्या आवाजासाठी त्यांना अटक झाली आणि चौकशी चालली. ज्या दरबाराने त्यांना चोवीस वर्षे मिरविले होते, त्याच्याच पोलिसांनी. त्या डगमगल्या असे आम्हाला कोठे वाचावयास मिळाले नाही.

इस्टेटीवर त्यांचे मन रमले नाही. पन्नाशी उलटल्यावर, १८५६ च्या पुढे, त्या पुन्हा लोकांसमोर आल्या. ऑपेरात नव्हे, नुसत्या पियानोच्या साथीने गीते म्हणावयास. बेटोव्हेन, शूबर्ट आणि विशेषतः शूमान. शूमानने हाइनेच्या सोळा कवितांना दिलेल्या चाली, 'कवीचे प्रेम' हा त्याचा प्रसिद्ध संग्रह, १८४४ साली छापताना बाईंनाच अर्पण केला होता. गळा तोवर गेलेला होता, हे सगळे साक्षीदार सांगतात. ताना नाहीत, ताकद नाही, वरचे सूर नाहीत. उरला होता तो शब्द, आणि शब्द कसा टाकावा याचे पस्तीस वर्षांचे ज्ञान. लोक तरीही येत होते. आम्ही येथे थोडे थांबतो, कारण बाईंच्या कारकीर्दीतला हा भाग ग्रंथांतून दोन ओळींत आटोपतात. ज्यांना त्या केवळ अभिनयावर निभावल्या असे वाटते, त्यांनी याचा जबाब द्यावा: येथे वेष नव्हता, पडदा नव्हता, पिस्तूल नव्हते. एक थकलेली बाई पियानोपाशी उभी राहून कविता म्हणत होती.

२६ जानेवारी १८६० रोजी कोबुर्ग येथे त्या वारल्या. दफन झाले ड्रेस्डेनच्या ट्रिनिटाटिस दफनभूमीत.

मेल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. काही वर्षांनी एका गायिकेच्या आठवणी म्हणून एक अश्लील पुस्तक जर्मनीत चोरून विकले जाऊ लागले आणि ते बाईंनीच लिहिले असे पसरविण्यात आले. पुरावा काहीही नाही. अभ्यासकांनी तो आरोप बहुतेक निकालात काढलेला आहे. तरी पुस्तक खपत राहिले ते त्यांच्या नावावर. तीन लग्ने केलेली, रस्त्यावरच्या लोकांची बाजू घेतलेली, स्वतः कमावून खाणारी बाई. तिच्याविषयी काहीही छापले तरी खपते, हे छापणाराला माहीत होते.

वाग्नरने मात्र १८७२ साली नट आणि गायक यांच्यावरील आपला निबंध त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढे १८७४ साली बायरॉइट येथे त्याचे घर बांधून झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या वर, एक कोरीव चित्र आहे. त्यात शोकनाटिकेची जी देवता आहे तिला चेहरा दिला आहे तो श्रोडर-देव्रिएंट बाईंचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून त्या घराचा बराच भाग कोसळला, पण ही दर्शनी भिंत उभी राहिली. चित्र आजही तेथे आहे. जाणाराला रस्त्याच्या बाजूने आत शिरताच ते दिसते.